स्प्रिंग-हील्ड जॅक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा जॅक म्हणजे नेमका कोण?

१८३७ च्या उत्तरार्धात लंडनच्या वेशीवरच्या गावांमधून एक कुजबुज सुरू झाली. अंधार पडला की कुणीतरी बायकांच्या, विशेषतः मोलकरणींच्या अंगावर धावून जातं. कुणी म्हणे भूत, कुणी अस्वल, कुणी थेट सैतान. १८३८ उजाडताच वर्तमानपत्रांनी विषय उचलला आणि काही आठवड्यांतच या सगळ्या सोंगांना मिळून एक नाव चिकटलं : टाचांना स्प्रिंगा लावलेला जॅक. व्हिक्टोरिया राणी गादीवर येऊन तेव्हा जेमतेम सहा-सात महिने झाले होते. तिची कारकीर्द संपली तरी जॅकचं नाव संपलं नाही.

तो कधीच का सापडला नाही, याचं आमचं उत्तर साधं आहे. शोधायला एक माणूस नव्हताच. एक नाव होतं आणि ते अनेकांनी वापरलं. खालची बहुतेक उत्तरं याच अंगाने जातात.

म्हणजे जॅक द रिपर?

नाही. तो १८८८ चा, व्हाइटचॅपलमधला खुनी. स्प्रिंग-हील्ड जॅक पन्नास वर्षं आधीचा, आणि त्याच्या नावावर एकही सिद्ध झालेला खून नाही. इंग्रजीत ‘जॅक’ हे कुणाही अनोळखी माणसाला चालणारं नाव, म्हणून ही गल्लत होते.

अधिकृत दप्तरात तो पहिल्यांदा कधी आला?

८ जानेवारी १८३८ रोजी. लंडनचे लॉर्ड मेयर सर जॉन कोवन यांनी मॅन्शन हाउस या आपल्या निवासस्थानातल्या जाहीर बैठकीत एक निनावी पत्र वाचून दाखवलं. ते त्यांच्याकडे काही दिवस आधीच आलं होतं, पण आणखी माहिती मिळेल या आशेने त्यांनी ते दाबून ठेवलं होतं. खाली सही ‘पेकहॅमचा एक रहिवासी’ अशी. मजकुराचा गाभा असा : काही बड्या घरच्या मंडळींनी एका उनाड मित्राशी पैज लावली आहे, की त्याने भूत, अस्वल आणि सैतान अशी तीन सोंगं घेऊन लंडनजवळच्या गावांत फिरून दाखवावं. या प्रकारात सात स्त्रिया भ्रमिष्ट झाल्या आहेत आणि त्यातल्या दोघी बऱ्या होण्याची आशा नाही.

लॉर्ड मेयर स्वतः साशंक होते, यात बरीच अतिशयोक्ती असणार असं त्यांचं मत. पण दुसऱ्या दिवशी ‘द टाइम्स’मध्ये बातमी आली आणि पत्रांचा पाऊस पडला : केन्सिंग्टन, हॅमरस्मिथ, ईलिंग, ब्रिक्स्टन, स्टॉकवेल, कॅम्बरवेल, ब्लॅकहीथ. ही ठिकाणं नकाशावर मांडली तर लंडनच्या पश्चिमेपासून दक्षिणेकडून आग्नेयेपर्यंत कडं तयार होतं. एका माणसाने एवढा पसारा सांभाळला असं मानायचं, तर त्याला रोजची घोडागाडी हवी. पैजेच्या गोष्टीला लोकांनी एवढं उचलून धरलं, त्यामागे हेही कारण असावं. घोडागाडी श्रीमंताकडेच असणार ना!

जेन ऑल्सॉपच्या घरी काय झालं?

सगळ्या प्रकरणातली सर्वांत तपशीलवार जबानी हीच आहे, म्हणून ती सावकाश वाचावी.

तारीख २० फेब्रुवारी १८३८. जागा बो आणि ओल्ड फोर्ड यांच्या मधली बेअरबाइंडर लेन. तेव्हा तिथे शेतं आणि तुरळक घरं होती. रात्री पावणेनऊच्या सुमारास फाटकावरची घंटा जोरात वाजली. अठरा वर्षांची जेन बाहेर गेली. अंधारात उभा असलेला माणूस म्हणाला, की मी पोलीस आहे, देवाच्या नावाने दिवा आणा, आम्ही गल्लीत स्प्रिंग-हील्ड जॅकला पकडलंय. म्हणजे तोवर हे नाव लंडनच्या पूर्व टोकापर्यंत इतकं पोचलं होतं, की दार उघडून घ्यायला ते पुरेसं होतं.

तिने मेणबत्ती आणून दिली. त्याने अंगावरचा झगा फेकला, मेणबत्ती छातीशी धरली आणि तोंडातून निळ्या-पांढऱ्या ज्वाळा काढल्या. डोळे लाल निखाऱ्यांसारखे, डोक्यावर मोठं शिरस्त्राण, अंगाला घट्ट बसलेला पांढऱ्या तेलकापडासारखा पोशाख. त्याने तिला पकडून पंजांनी कपडे, मान आणि हात ओरबाडले. ते पंजे धातूचे होते, याबद्दल तिची खात्री होती. शेवटी बहिणीने तिला ओढून आत घेतलं. तो लगेच पळालाही नाही, दार ठोठावत राहिला. घरच्यांनी वरच्या खिडक्यांतून पोलिसांच्या नावाने आरडाओरडा केला तेव्हा कुठे तो शेतांतून पळाला. पळताना त्याचा झगा पडला आणि तो दुसऱ्या कुणीतरी लगोलग उचलला. जोडीदार होता असा तर्क तेव्हाच झाला होता आणि तो पटण्याजोगा आहे.

पंचांगावरून एक गोष्ट पडताळता येते. त्या वेळी अमावस्या चार दिवसांवर होती. कृष्णपक्षाच्या शेवटची चंद्रकोर पहाटे उगवते, त्यामुळे पावणेनऊला आकाशात चंद्र नव्हता. जेनने जे पाहिलं ते तिनेच आणलेल्या एका मेणबत्तीच्या उजेडात, आणि ती मेणबत्तीही हल्लेखोराच्या हातात.

लूसी स्केल्सचं प्रकरण वेगळं कसं?

आठ दिवसांनी, २८ फेब्रुवारीला, लाइमहाउसमध्ये. लूसीही अठराच वर्षांची. खाटीक असलेल्या भावाकडून बहिणीबरोबर परतत असताना ग्रीन ड्रॅगन अ‍ॅली या बोळात एक उंच, सडपातळ, झगा पांघरलेला माणूस उभा दिसला. पोलिसांकडे असतो तसा छोटा कंदील त्याच्याकडे होता. लूसी जवळ येताच त्याने तिच्या तोंडावर निळ्या ज्वाळेचा फवारा सोडला. ती खाली पडली आणि तिला झटके येऊ लागले. त्याने तिला हात लावला नाही, एक शब्द बोलला नाही, चालत निघून गेला.

या दोन्ही जबान्यांत तो उडी कुठे मारतो?

कुठेच नाही. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. ज्या दोन घटनांवर जॅकची सारी कीर्ती उभी आहे, त्यांतला एक हल्लेखोर शेतातून धावत गेला आणि दुसरा चालत. भिंतीवरून, छपरावरून, घोडागाडीवरून झेपा घेणारा जॅक अफवांत आहे, पत्रांत आहे, पुढच्या गोष्टींत तर भरपूर आहे. दंडाधिकाऱ्यांसमोरच्या या दोन जबान्यांत तो नाही.

तरीही, स्प्रिंगचे बूट घालून नऊ फुटी भिंत ओलांडता येईल का?

हिशेब करून पाहू. नऊ फूट म्हणजे सुमारे २.७ मीटर. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण १ मीटरवर असतो. पाय पोटाशी घेतले तरी तो आणखी १.७५ मीटर वर न्यावा लागेल. ७० किलोच्या माणसाला त्यासाठी सुमारे १,२०० ज्यूल ऊर्जा लागते आणि जमीन सोडतानाचा वेग सेकंदाला ५.९ मीटरच्या आसपास हवा.

बुटाखाली लपेल अशी स्प्रिंग फार तर १० सेंटिमीटर दबेल. एवढ्या अंतरात १,२०० ज्यूल साठवायचे तर सरासरी १२,००० न्यूटन बल लागतं, आणि स्प्रिंग पूर्ण दबलेली असताना त्याच्या दुप्पट. म्हणजे जवळपास अडीच टनांचं वजन, दोन पायांत वाटलं तर प्रत्येकी सव्वा टन. माणसाचं स्वतःचं वजन जेमतेम ७०० न्यूटन. तो अशा स्प्रिंगवर उभा राहिला तर ती हलणारसुद्धा नाही. आधीच यंत्राने दाबून खटक्याने अडकवून ठेवायची म्हटलं, तर सुटताना शरीराला गुरुत्वाकर्षणाच्या सतरापट धक्का बसेल, आणि दोन्ही खटके एकाच क्षणी सुटले नाहीत तर माणूस आडवा. पलीकडे उतरताना घोट्याचं काय होईल ते सांगायला नको.

आज खेळासाठी मिळणाऱ्या स्प्रिंगच्या कुबड्यांवरून माणसं खरोखर उंच उडतात. पण त्यांची पाती फायबरग्लासची आणि लांब असतात, आणि उंची गाठायला आधी काही उड्या मारून लय पकडावी लागते. त्यांवर स्थिर उभं राहणंही अवघड. ते घालून बोळात दबा धरून बसणं दूरच.

मग लोकांनी उड्या पाहिल्या कशा? बांधावरून किंवा पायरीवरून खाली मारलेली उडी अंधारात वर मारल्यासारखी भासते. चपळ माणूस सहा फुटी भिंत हाताने धरून सहज ओलांडतो, आणि त्याच्या लांब झग्यामुळे हात दिसत नाहीत.

तोंडातून निळी आग कशी काढली असेल?

मद्यार्क निळ्या ज्योतीने जळतो, आणि जत्रेतले आग ओकणारे खेळाडू तेव्हाही होते. त्यांच्या खेळाला दोन गोष्टी लागतात : तोंडात ज्वलनशील पदार्थ आणि तोंडासमोर पेटती ज्योत. आता ऑल्सॉपच्या जबानीतला क्रम पुन्हा पाहा. त्याने आधी दिवा मागितला, तो छातीशी धरला, आणि मग ज्वाळा आल्या. सैतानाला मेणबत्ती लागत नाही. लूसीच्या वेळी ज्योत त्याच्याच कंदिलात होती.

हे करून पाहू नये. फवारा उडवताना थोडासा द्रव जरी श्वासात गेला तरी फुप्फुसांना गंभीर सूज येते, आणि वारा फिरला तर चेहरा भाजतो. धंदेवाईक खेळाडूंनाही हे अपघात होतात.

तेलकापडात गूढ काही नाही. जवसाचं तेल चोपडून पाणी न शिरणारं केलेलं हे कापड खलाशी वापरत, आणि लाइमहाउस हा गोदीचा भाग. ओलसर चमक असल्यामुळे मेणबत्तीच्या उजेडात ते अंगाला चिकटल्यासारखं दिसतं. फक्त ते झटकन पेटतं, त्यामुळे छातीशी ज्योत धरणारा हा गडी धाडसी होता किंवा मूर्ख.

कुणाला अटक झाली होती का?

झाली होती, आणि ही हकिकत जॅकच्या चाहत्यांना फारशी आवडत नाही. ऑल्सॉप प्रकरणानंतर लवकरच थॉमस मिलबँक नावाच्या माणसाने मॉर्गन्स आर्म्स या दारूच्या गुत्त्यात फुशारकी मारली, की तो जॅक मीच. त्याला पकडणारा अधिकारी जेम्स ली. यानेच दहा वर्षांपूर्वी गाजलेल्या रेड बार्न खून प्रकरणात विल्यम कॉर्डरला अटक केली होती. मिलबँकच्या अंगावर पांढरा कामाचा पोशाख आणि वर मोठा कोट होता. तो कोट त्याने ऑल्सॉप यांच्या घराबाहेर टाकला होता, आणि त्याच्या हातून पडलेली मेणबत्तीही सापडली.

मग सुटला कसा? हल्लेखोराने तोंडातून आग काढली यावर जेन ठाम होती, आणि मिलबँकने कबूल केलं की मला तसं काही येत नाही. तेवढ्यावर तो सुटला. आमच्या मते सबंध प्रकरणातली सर्वांत खेदाची जागा हीच. एका मुलीचे कपडे फाटले होते, मान ओरबाडली होती, आणि सुनावणी अडली ती आगीच्या खेळावर.

एक खुलासा : ही सुनावणी लॅम्बेथ स्ट्रीटच्या पोलीस न्यायालयात झाली. ते थेम्सच्या दक्षिणेकडच्या लॅम्बेथमध्ये नव्हतं, व्हाइटचॅपलमध्ये होतं. बरेच लेख इथे नदी ओलांडून चुकतात.

शिक्षा झालेलं उदाहरणही आहे. १८४७ मध्ये डेव्हनमधल्या टिनमथ इथे ‘स्प्रिंग-हील्ड जॅक’च्या तपासात कॅप्टन फिंच हा माणूस सापडला. बैलाच्या कातड्याचा कोट, घट्ट टोपी, शिंगं आणि मुखवटा असा त्याचा सरंजाम होता. दोन स्त्रियांवरच्या हल्ल्यांबद्दल तो दोषी ठरला.

मार्क्विस ऑफ वॉटरफर्ड हाच जॅक होता, हे खरं का?

संशय जुना आहे, पुरावा नाही. तिसरा मार्क्विस हेन्री बेरेसफर्ड हा उमराव दारू, मारामाऱ्या आणि आचरट खोड्यांसाठी प्रसिद्ध होता. एप्रिल १८३७ मध्ये त्याने मित्रांसह मेल्टन मोब्रे गावाच्या दारांना लाल रंग फासला, आणि त्याबद्दल पुढच्या वर्षी प्रत्येकी १०० पौंडांचा दंड झाला. पैजेच्या पत्रातल्या ‘बड्या घरच्या उनाडा’ला हा चेहरा आयता बसतो. १८८० मध्ये कोशकार ब्रूअर यांनी तर लिहूनच टाकलं, की मार्क्विस वाटसरूंच्या अंगावर उड्या मारून त्यांना घाबरवत असे आणि इतरांनी त्याचा कित्ता गिरवला.

आडवं येतं ते एवढंच : १८४२ मध्ये लग्न करून तो आयर्लंडमधल्या कुरामोरच्या वाड्यात स्थिरावला, १८५९ मध्ये घोड्यावरून पडून मेला, आणि जॅकच्या बातम्या त्यानंतर चांगली चाळीस-पंचेचाळीस वर्षं येत राहिल्या. १८३७ च्या एखाद-दुसऱ्या चाळ्यात त्याचा हात नसेलच असं नाही. सगळ्यांत तो असणं अशक्य आहे.

लंडनला अशी भुतं नवीन होती का?

मुळीच नाही, आणि एका भुतापायी माणूस मेला होता. १८०३ च्या अखेरीस हॅमरस्मिथमध्ये पांढऱ्या भुताची भीती पसरली. ३ जानेवारी १८०४ च्या रात्री फ्रान्सिस स्मिथ हा अबकारी खात्यातला माणूस बंदूक घेऊन दबा धरून बसला आणि थॉमस मिलवुड या गवंड्याला त्याने गोळी घातली. मिलवुडचा गुन्हा एवढाच, की त्याच्या धंद्यातले लोक पांढरे कपडे घालत. याआधीही लोक त्याला पाहून दचकले होते आणि सासूने वरून कोट घालायला सांगितलं होतं. ज्यूरीने आधी सदोष मनुष्यवधाचा निकाल दिला. न्यायालयाने तो स्वीकारला नाही, तेव्हा खुनाचा दिला. फाशीची शिक्षा पुढे एका वर्षाच्या सक्तमजुरीवर आली. खरं भूत निघाला जॉन ग्रॅहम नावाचा म्हातारा चांभार : आपल्या हाताखालच्या शिकाऊ पोराला घाबरवायला तो चादर पांघरून फिरत होता.

चुकीच्या पण प्रामाणिक समजुतीतून केलेल्या बळाच्या वापराला बचाव मानायचा का, हा यातून उभा राहिलेला प्रश्न इंग्लंडच्या न्यायालयांत १९८३ पर्यंत लोंबकळत होता.

१८३८ नंतर तो कुठे कुठे दिसला?

१८७२ च्या शरदात पेकहॅमचं भूत, १८७३ मध्ये शेफील्डचं ‘पार्क घोस्ट’. शेफील्डला ते पाहायला हजारोंची गर्दी लोटली. १८७७ मध्ये ऑल्डरशॉटच्या लष्करी छावणीत कुणीतरी पहारेकऱ्याच्या थोबाडीत मारून पसार झालं. पहाऱ्यावरच्या सैनिकांनी झाडलेल्या गोळ्या त्याला लागल्या नाहीत. काळोखात, घाबरलेल्या हाताने, पळत्या माणसावर झाडलेली गोळी चुकणं ही काही अमानवी गोष्ट नव्हे. त्याच वर्षी लिंकनमध्ये न्यूपोर्ट आर्चवर मेंढीचं कातडं घातलेला जॅक दिसल्याचं सचित्र छापून आलं. १८८८ मध्ये लिव्हरपूलच्या एव्हर्टन भागात, आणि १९०४ मध्ये पुन्हा तिथेच. हा त्याचा शेवटचा फेरा मानतात.

तो खलनायकाचा नायक कधी झाला?

रंगभूमीवर तो १८४० मध्येच आला. मग ‘पेनी ड्रेडफुल’वाल्यांनी त्याला उचललं. एका पेनीला मिळणारे हे साप्ताहिक भाग, बहुधा आठ पानांचे, वर भडक लाकूडठसा. १८६० च्या दशकापासून यांतला जॅक हळूहळू बदलला. वारसा लुबाडला गेलेला उमराव, जो स्प्रिंगच्या बुटांनी दुष्टांना धडा शिकवतो. मुखवटा, गुप्त ओळख, छपरांवरच्या उड्या : पुढच्या शतकातल्या अमेरिकी कॉमिक वीरांचं सामान यात आधीच बांधून ठेवलेलं दिसतं. स्प्रिंगचे बूट लोकांच्या डोक्यात पक्के बसले ते इथून.

मेरी स्टीव्हन्स आणि मारिया डेव्हिस यांच्या गोष्टी इथे का नाहीत?

मेरी ही १८३७ मध्ये क्लॅपहॅमजवळ गाठलेली मोलकरीण, आणि मारिया ही १८४५ मध्ये जेकब्ज आयलंडच्या गटारात ढकलून मारलेली मुलगी, असं आंतरजालावर हजार ठिकाणी सापडेल. या कथा विसाव्या शतकातल्या पुस्तकांतून पसरल्या. संशोधक माइक डॅश यांनी १९९६ मध्ये जुनी वर्तमानपत्रं पद्धतशीर चाळून आपला दीर्घ अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा अशा कथांना त्या काळातला आधार मिळाला नाही. म्हणून आम्ही त्या घेत नाही.

परग्रहावरचा प्राणी?

ही कल्पना १९६१ मध्ये उडत्या तबकड्यांच्या एका नियतकालिकातून आली. बाकी चर्चा नको.

दिल्लीच्या ‘काला बंदर’शी याचं काही नातं आहे का?

थेट नाही, पण साम्य डोळ्यांत भरतं. मे २००१ मध्ये दिल्ली आणि गाझियाबादमध्ये लोकांनी वर्णन केलेल्या ‘मंकी मॅन’लाही शिरस्त्राण, धातूचे पंजे आणि लाल चमकते डोळे होते, आणि तोही गच्चीवरून गच्चीवर उड्या मारत असे. उकाड्यात, वीज गेलेली असताना गच्चीवर झोपलेली माणसं घाबरून खाली पडली आणि त्यात जीव गेले. पोलिसांना असा प्राणी किंवा माणूस सापडला नाही. तपासाचा निष्कर्ष सामूहिक भीती असाच होता. चंद्र नसलेली बेअरबाइंडर लेन आणि वीज गेलेली गाझियाबादची गच्ची, दोन्हीकडे अंधार होता आणि दोन्हीकडे भुताचं नाव लोकांना आधीच ठाऊक होतं. फरक इतकाच, की लंडनमध्ये किमान काही वेळा सोंग घेतलेला खराखुरा माणूस होता.

लंडनला गेलो तर काय पाहता येईल?

मॅन्शन हाउस अजून उभं आहे आणि आजही ते लॉर्ड मेयरचं निवासस्थान आहे. त्याच नावाच्या भुयारी स्थानकावर उतरू नका, बँक स्थानक अगदी दाराशी आहे. बो आणि ओल्ड फोर्ड इथली शेतं गेली, तिथे आता दाट वस्ती आहे. लंडनबाहेर लिंकनची न्यूपोर्ट आर्च ही रोमन कमान शाबूत आहे. खालून गाड्या जातात, म्हणून पदपथावरूनच पाहा.

एखादी जुनी बातमी खरी की नंतर रचलेली, हे कसं तपासायचं?

ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हमध्ये शोधा. ते सशुल्क आहे, पण इंग्लंडमधल्या अनेक सार्वजनिक वाचनालयांत फुकट वापरता येतं. जानेवारी १८३८ च्या आधीच्या काळासाठी ‘जॅक’ टाकून उपयोग नाही, नावच रुळलं नव्हतं. गावाचं नाव आणि ‘घोस्ट’ असं शोधा. नंतरच्या काळासाठी नावाची सगळी रूपं टाका : जोडचिन्हासह, त्याशिवाय, ‘हील’, ‘हील्ड’, नुसतं ‘स्प्रिंग जॅक’. जुनी छपाई यंत्राला नीट वाचता येत नाही, त्यामुळे एका रूपाने हुकलेलं दुसऱ्याने सापडतं.

कात्रणं दहा मिळाली म्हणून साक्षीदार दहा झाले असं समजू नका. गावोगावची पत्रं लंडनची बातमी शब्दशः उचलत. सर्वांत आधीची तारीख शोधा आणि बाकीची बाजूला ठेवा. मग पाहा, ती दंडाधिकाऱ्यांसमोरची जबानी आहे, बातमीदाराने ऐकलेली गोष्ट आहे, की संपादकाला आलेलं निनावी पत्र. जॅकबद्दलचा मजकूर बहुतांशी तिसऱ्या प्रकारचा निघतो. ऑल्सॉपसाठी २२ फेब्रुवारी १८३८ चा ‘द टाइम्स’ काढा. हॅमरस्मिथच्या खटल्याची कार्यवाही ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी न्यायालयातल्या जुन्या खटल्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहे : जानेवारी १८०४ चं सत्र, आरोपी फ्रान्सिस स्मिथ.